विमलताईंनी सही केली नाही

गेल्या महिन्यात एका सकाळी संगीताचा फोन आला. संगीता म्हणजे विमलताईंची सून. "बाई, आई गेल्या. चहा पिऊन खुर्चीत टेकल्या, त्या उठल्याच नाही..." एवढं बोलून तिने फोन ठेवला. निवृत्तीनंतर मी यवतमाळला राहते. मिळेल ती गाडी पकडून ढाणकीला पोहोचले, तर गर्दीमुळे ऑटो गल्लीच्या तोंडाशीच सोडावा लागला. अंगणातली निम्मी माणसं मी कधी पाहिलेली नव्हती. आर्णीकडून आलेल्या एका बाईला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? ती म्हणाली, "कोणीच नाही जी. माहा मालक गाडीखाली आलता, तवा ह्या संग उभ्या राह्यल्या."

ढाणकीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे आणि विमलताई लग्नाकार्याचा स्वयंपाक करायच्या. नवरा लवकर गेला, मुलगा लहान. बुद्धविहारातल्या कार्यक्रमांना त्या भात-वरण रांधायच्या, तिथून त्यांच्या हाताचं नाव झालं. सुरुवातीला गावातल्या काही घरांनी नाक मुरडलं. विमलताईंनी कुणाची मनधरणी केली नाही. "भूक लागली का येतीन," एवढंच म्हणाल्या. आणि खरंच आले. पाचेक वर्षांत पंचक्रोशीत असं झालं की आलू-वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेऊनच लोक सांगायचे, आज विमलबाई आहे.

अपघात झाला तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसले होते. उमरखेडहून पुसदला एका खासगी बसने निघालो होतो, त्यांना लग्नाच्या किराण्याची यादी द्यायची होती. गाडी गच्च भरलेली, पायाशी लोकांची पोती. विमलताई खिडकीशी, त्यांचं उजवं कोपर खिडकीच्या दांडीवर टेकलेलं, जरा बाहेर आलेलं. वळणावर आमच्या चालकाने ट्रॅक्टरला मागे टाकायला गाडी काढली आणि समोरून ट्रक आला. दोन्ही गाड्या एकमेकींना घासत गेल्या. पत्र्याचा तो आवाज... आणि त्यानंतर विमलताईंचा. ट्रक थांबलाच नाही. त्याचा नंबर कुणालाही दिसला नाही.

हात वाचला, पण हातातलं काम गेलं. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात दोनदा शस्त्रक्रिया झाली. बोटं मिटायची, पण धरायची नाहीत. भाजी परतायचा साधा सराटा हातात दिला तरी गळून पडायचा. त्या अवस्थेत बसमालकाचा माणूस फळं घेऊन आला. खाटेशी बसून गोड बोलला, एक पाकीट उशीजवळ ठेवलं आणि लिहून आणलेला कागद पुढे केला. आपसात मिटलं आहे, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, असा मजकूर. "मावशी, ट्रकवाला पळाला. केस कोनावर करसान? डावा अंगठा द्या, झालं."

विमलताईंनी मला तो कागद मोठ्याने वाचायला लावला. मग म्हणाल्या, "अंगठा कायले? मले सही येते. अन् ते मी देत नाही." पाकीट त्यांनी डाव्या हाताने त्याच्या पिशवीत परत टाकलं. फळं मात्र ठेवून घेतली आणि वॉर्डभर वाटली.

त्या दुपारी दवाखान्यातच पोलिसांनी त्यांचा जबाब घेतला. पुढे पुसदला शबाना वकील भेटल्या. वयाने तरुण आणि बोलायला सडेतोड. ट्रक सापडला नाही तरी बिघडत नाही, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. दोन गाड्यांच्या चुकीत प्रवासी जखमी झाला तर तो कुठल्याही एकीच्या मालकाकडे आणि विमा कंपनीकडे भरपाई मागू शकतो. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालतो आणि तो अपघाताच्या जागीच नव्हे, तर आपण राहतो त्या भागातही लावता येतो. मात्र सहा महिन्यांच्या आत अर्ज गेलेला बरा. गुन्ह्याची प्रत, पंचनामा, दवाखान्याचे कागद, अपंगत्वाचा दाखला, सगळं जपून ठेवा. विमलताईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अन् कोपर खिडकीवर होतं, हे सांगाचं का नाही?"

वकीलबाई म्हणाल्या, "समोरचा त्याच्यावरच बोट ठेवीन, मावशी."

"ठेवू दे. जे होतं ते होतं." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुमी बी जे पाह्यलं तेच सांगा."

तसंच झालं. विमा कंपनीच्या वकिलांनी आधी विचारलं की ही बाई घर सांभाळते, हिच्या कमाईचा पुरावा काय? पावत्या कुठून असणार? तेव्हा वामनराव साक्षीला उभे राहिले. ज्या घरांनी कधीकाळी नाक मुरडलं होतं, त्यांतल्याच एका घरचे हे शेतकरी. म्हणाले, "साहेब, माह्या तिन्ही पोरींच्या लग्नात ह्याच बाईनं रांधलं. हिले कामच नोतं म्हणता, तं मंग आमची वरात जेवली काय?" कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही.

मग कोपराचा प्रश्न आलाच. विमलताई म्हणाल्या, "होतं साहेब, दांडीवर होतं. पाय ठेवाले जागा नोती, मी बसू कशी? पन गाडी आडवी मी नाही घातली." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता.

निकाल त्यांच्या बाजूने लागला. दाखल्यावर हात निम्मा कामाचा लिहिला होता, पण स्वयंपाक करणाऱ्या बाईचा उजवा हात म्हणजे तिची जवळजवळ सगळी कमाई, हे न्यायाधिकरणाने मान्य केलं. कोपरासाठी थोडी रक्कम मात्र कापली. शबाना वकील चिडल्या, नागपूरला हायकोर्टात अपील करू म्हणाल्या, आणि ते टिकलंही असतं. विमलताईंनी नको म्हटलं. "कोपर माहं होतं ना? तेवढं माह्या अंगावर राहू द्या."

भरपाई आली तशी त्यांनी मोठी भांडी घेतली, वस्तीतल्या चार बायका हाताशी धरल्या आणि पुन्हा लग्नांची कामं घ्यायला लागल्या. भट्टीजवळ खुर्ची टाकून बसायच्या, डाव्या हाताने चव घ्यायच्या आणि मीठ कमी असलं की भुवई उडवायच्या. लोक मात्र त्यांच्याकडे आणखी एका कामासाठी येऊ लागले. कुठे जीप उलटली, कुठे बसखाली कुणी आलं, की नातेवाईक ढाणकीचा पत्ता विचारत यायचे. विमलताई त्यांच्यासोबत ठाण्यात जायच्या, दवाखान्यात जायच्या, वकिलाकडे न्यायच्या. कोणी घाबरून मिटवून टाकतो म्हणालं तर रागवायच्या नाहीत. फक्त म्हणायच्या, "मिटवा. पन आधी वाचा, काय मिटवून राह्यले ते."

परवा मी पुन्हा ढाणकीला गेले होते. ओसरीत एक धुळीने माखलेला माणूस बसला होता. त्याची बायको पुसदच्या दवाखान्यात होती, काळी-पिवळी प्रवासी जीप झाडावर आदळलेली. तो विमलताईंना भेटायला आला होता. संगीताने त्याला सांगितलं, त्या गेल्या. तो उठायला लागला. "बसा," ती म्हणाली आणि आत जाऊन ताट वाढून आणलं. गरम भाकर आणि वांग्याची भाजी. आलेल्याला आधी जेवू घालायचं, हा या घराचा रिवाज. तो पहिला घास घेतो न घेतो तोच संगीताने पदर खोचला, समोर मांडी घातली आणि विचारलं, "गाडीचा नंबर कोनं लिहून घेतला काय, भाऊ?"