घटलेल्या वजनाचा सत्कार

“डाएटिंग किया था, काका?” बायोप्सीचा रिपोर्ट टेबलावर ठेवत डॉक्टरांनी विचारलं.

“नाही. भूकच लागत नव्हती,” मी म्हणालो, आणि सवयीने पुढे जोडलं, “पण चौदा किलो उतरवलं!”

“वो आपने नहीं उतारा. ट्यूमर ने उतारा.”

ऍडिनोकार्सिनोमा, म्हणजे जठराच्या आतल्या अस्तरात वाढलेला कॅन्सर. जागा कार्डिया, म्हणजे अन्ननलिका जठराला मिळते तो भाग. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने, रत्नाने, रिपोर्टकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

कारण ह्याच चौदा किलोंसाठी महिन्याभरापूर्वी उधन्यातल्या आमच्या खान्देशी मंडळाने माझा सत्कार केला होता. शाल, नारळ, व्यासपीठ. अध्यक्ष माझ्या ‘मनोनिग्रहा’वर इतका वेळ बोलले की माझाही विश्वास बसला. घरी आल्यावर रत्ना एवढंच म्हणाली, “तुम्ही जेवतस नही, मंग सत्कार कसाना?” भाकरी छातीत अडकते, दोन घासांत पोट भरतं, हे फक्त तिला दिसत होतं. मला आरसा दिसत होता.

लठ्ठपणामुळे हे झालं का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी कागदावर जठर काढलं. पोटावरची जादा चरबी आम्ल वर ढकलते, वर्षानुवर्षं जळजळ होते. अशाने ह्या वरच्या भागातल्या कॅन्सरचा धोका वाढतो. जाड माणसाला तो होईलच असं नाही, आणि माझ्यात नेमका कशाने झाला हे कुणी सांगू शकत नाही. पण प्रयत्न न करता वजन घटलं तर हार घालून घ्यायचे नाहीत, एन्डोस्कोपी करायची. म्हणजे तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी घालून आत पाहायचं.

आधी कीमो, मग गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठर काढून टाकण्याचं ऑपरेशन. वॉर्डातला एसी बोचरा होता. सत्काराची शाल तिथे पहिल्यांदा कामाला आली.

ऑपरेशननंतर खरी परीक्षा. उरलेली कीमो द्यायची होती आणि मी वाळत चाललो होतो. डॉक्टर म्हणाले, “वजन और गिरा, तो कीमो रोकनी पड़ेगी.” आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या, ते वजन आता मला हवं होतं.

रत्नाने दिवसाच्या जेवणाचे बारके बारके वाटे पाडले. मऊ खिचडी, अंडं, दही, शेंगदाण्याची पातळ चटणी. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, “अध्यक्षांना बोलावू का? भाषण ऐकून खाल?”

तपासणीच्या आदल्या दिवशी राहवलं नाही. मी जिथे सुपरवायझर होतो त्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, गेलो आणि सुताची खोकी तोलायच्या काट्यावर उभा राहिलो. कारागीर गोळा झाले.

“आप्पा, चपला काढा!”

“मोबाइल पण! चीटिंग नको!”

सगळं काढलं. लाल आकडे हलले, थांबले. घटलं नव्हतं. उलट मागच्या तपासणीपेक्षा नऊशे ग्रॅम चढलं होतं! यंत्रांच्या खडखडाटावर मात करणारी आरोळी मी त्या खात्यात पहिल्यांदाच ऐकली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या काट्यानेही होकार दिला. डॉक्टर म्हणाले, “चलो, कीमो शुरू.” कीमो मिळाली म्हणून पेढे वाटावेसे वाटणारा माणूस विरळा, तो मी होतो. एक पेढा मी स्वतः खाल्ला, चार वेळा मिळून.

ती कीमोही आता संपली आहे. तपासण्या चालू राहतील. पुढचं कुणी लिहून देत नाही. पण सकाळी भूक लागली की मला अजून सण असल्यासारखं वाटतं.

अध्यक्षांचा परवा फोन आला: पुन्हा सत्कार करायचा आहे. मी हो म्हटलं, एका अटीवर. व्यासपीठावर वजनकाटा ठेवायचा. ज्याचं वजन काही न करता उतरलं असेल, त्याला शाल नाही द्यायची. रिक्षात बसवून डॉक्टरकडे न्यायचं.

रत्ना मागून ओरडली, “आणि बायको काय म्हणते तेही विचारा!”

ही अट मी पहिली लिहायला सांगितली.