मधल्या खणातला तिरपा अँगल

उदगीरच्या पेठेत वाढलेली महानंदा इंजिनियर झाली, तेव्हा लोक तिच्या वडिलांना विचारायचे, पोरगी आता काय पूल बांधणार का? वडील बिनदिक्कत हो म्हणायचे. पुढे लातूर जिल्हा नवा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या, त्यात महानंदाला नोकरी लागली. पण पूल काही तिच्या वाट्याला आला नाही. आला तो दुष्काळ. रोजगार हमीच्या कामांवर फोडलेल्या खडीची मापं घेत ती उन्हातान्हात हिंडायची. पूल भेटला तो थेट सासरच्या गावात, देवणीजवळ, आणि तोही तोडायला.

नदीवरचा तो जुना लोखंडी पूल. दोन्ही अंगांना माणसाच्या उंचीच्या जाळीदार कैच्या, त्यांवरच सगळा भार. नदी आटल्यावर गावाने पात्रात विहीर खणली आणि पाणी लागलं ते नेमकं पुलाच्या मध्याखाली. काठ काळ्या मातीचा, भिंतीसारखा उभा. भरली घागर घेऊन तो चढायचा म्हणजे जिवावरचं काम. महानंदाची सासू मल्लम्मा तिथेच घसरली आणि तिचा हात मोडला. त्या दिवसापासून गावाने ठरवलं की पाणी पुलावरूनच शेंदायचं. आता कैचीच्या मधल्या खणात, दोन उभ्या लोखंडांच्या मधे, एक तिरपा अँगल आडवा येत होता. दोर त्याला घासायचा, घागरी आपटून चेपायच्या. सरपंच गुरुलिंगअप्पा म्हणाले, कापून टाकू. मल्लम्मा तर केव्हाची तेच म्हणत होती. घरात इंजिनियर सून असताना दुसऱ्या कुणाला विचारायचं?

महानंदाने चावडीसमोरच्या मातीत काडीने पूल काढला. मधल्या खणातून तो उभा कापलाय असं मनात धरायचं, म्हणाली. एक बाजू ठेवायची, दुसरी विसरायची. राहिलेली बाजू जागची हलू नये म्हणून कापलेल्या तीन लोखंडांनी किती जोर लावायचा, तेवढंच काढायचं. वरचं आणि खालचं लोखंड आडवं, ती वजन उचलूच शकत नाहीत. उचललं तर तिरपं उचलणार. पण अर्ध्या पुलाचं जेवढं वजन, तेवढं इकडच्या काठाने आधीच पेललेलं. तिरप्याला काम उरलं शून्य. हे ती भर चावडीत बोलून बसली. मल्लम्माने चांगल्या हाताने तिच्या पाठीवरून हात फिरवला. गुरुलिंगअप्पांनी उदगीरच्या गॅसकटरवाल्याला सकाळीच यायचा निरोप धाडला.

संध्याकाळी ती सहज पुलावर गेली. घागरींची रांग, पाण्याची टिपाडं लादलेल्या बैलगाड्या, सगळं गावाच्या बाजूच्या अर्ध्या पुलावर. पलीकडचा अर्धा मोकळा. अहो, गाव एकीकडे आहे तर रांग दोन्हीकडे कशी लागेल! एवढी साधी गोष्ट, पण पुस्तकातल्या पुलावर माणसं सारखी वाटून उभी असतात, आणि बाई पुस्तकात रमली होती. तिने त्याच ठिकाणी पूल मनाने पुन्हा कापला. आता गाड्यांचं काही वजन पलीकडच्या काठाला पोचवायचं होतं, आणि ते पोचवणारा एकटा तो अँगलच होता. तो काढला तर मधला खण ढिल्या बाजेसारखा कलंडणार होता, पाणी शेंदणाऱ्या बायांना घेऊन. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

सकाळी कटरवाल्याची गॅसची नळकांडी पुलावर उतरली, तेव्हा महानंदा अँगलला पाठ लावून उभी होती. काल आपण चुकलो हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं आणि का चुकलो तेही सांगितलं. गुरुलिंगअप्पांना ते रुचलं नाही. मग निम्मी रांग पलीकडं लावू, ते म्हणाले.

"तहानलेल्या माणसाला तिकडं जा म्हणून कोण सांगणार, अप्पा? एक दिवस सांगाल, रोज न्हाई."

"तुझ्या सासरचं गाव हाय हे. सासूचा हात मोडलाय, ते तरी बघ."

"बघूनच उभी हाय. हे कापू देणार न्हाई."

मल्लम्मा गर्दीत होती. ती पदर ओढून घराकडे निघून गेली. कुणी शिव्या घातल्या असत्या तरी महानंदाला एवढं लागलं नसतं. पण जागची ती हलली नाही, आणि कटरवाला आल्या पावली परत गेला.

नुसतं नाही म्हणून पाणी थोडंच वर येतं? महानंदाने रस्त्यावरची खडी फोडणारी माणसं उचलून नदीकाठी आणली. लातूरचे साहेब विचारतील तेव्हा उत्तर देऊ म्हणाली. त्या उभ्या काठात पायऱ्या खोदायच्या, वर दगड बसवायचा. पहिली कुदळ तिनेच मारली. घरी सासू जेवायला वाढायची, बोलायची मात्र नाही. महानंदा खाली मान घालून जेवायची आणि पुन्हा काठावर जायची. तळहाताला फोड आले, तरी थांबली नाही.

वरच्या चार पायऱ्या झाल्या, तेव्हा मल्लम्मा आली. कपाळाला विभूती, हात झोळीत. ती जपून पायऱ्या उतरली, वळली आणि पुन्हा चढायला लागली. दुसऱ्याच पायरीवर थांबली.

"लई उंच केल्यास. भरली घागर डोक्यावर असली की पाय एवढा उचलत न्हाई."

महानंदाने गड्यांना थांबवलं आणि ती सासूपुढे मातीत गुडघ्यावर बसली.

"मग उचला पाय, अव्वा. जेवढा उचलतोय तेवढीच करू."

 मल्लम्माने चांगला हात सुनेच्या खांद्यावर टेकला, सगळा भार त्यावर टाकला आणि पाऊल उचलून धरलं. महानंदाने त्या पावलाच्या उंचीला, पायरीच्या उभ्या मातीत, कुदळीच्या टोकाने रेघ ओढली.