खजुराच्या बागेत अडकलेली बस

सौदीत दम्मामहून हुफूफला जाताना वाळवंट संपतं आणि एकदम खजुराची दाट झाडं लागतात. या ओॲसिसमध्ये पर्यटक आणण्याच्या कामावर मी होतो. आमचं ऑफिस स्वतः काही विकत नाही. हॉटेलवाले, बसवाले, कुंभार, बागवाले या सगळ्यांना एका सहलीत बसवायचं आणि कुणी रुसणार नाही हे बघायचं, एवढंच आमचं काम. लग्नात दोन्ही बाजूंचं मन राखणारा एक माणूस असतो ना, तसं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधराला अशी नोकरी असते हेच मुळात माहीत नव्हतं. ती मिळाली याचं मला अजून नवल वाटतं.

त्या हिवाळ्यात एका बागवाल्याच्या मुलीने आमच्याकडे अर्ज केला. तिने पर्यटनाचं शिक्षण घेतलं होतं. वडिलांची बाग पर्यटकांसाठी उघडायचं तिचं फार मनात होतं. वडील मोठ्या मिनतवारीने तयार झाले, पण अट घातली. "एकदाच. जमलं नाही तर फाटक बंद. खलास."

जमतंय की नाही हे ठरवायला रियाधहून सहल कंपन्यांचे लोक येणार होते. त्यांना पसंत पडलं तर बाग सहलीत, नाहीतर नाही. कार्यक्रम आम्ही सगळ्यांना एकत्र बसवून ठरवला होता. बागेत पाऊण तास, मग हॉटेलात जेवण. हॉटेलचा मॅनेजर पुण्याचा. बैठकीत त्याने टेबलावर बोट आपटून सांगितलं होतं, "जेवण आमच्याकडेच. त्यात तडजोड नाही."

पाहुणे आले. काकांनी (बागवाल्यांना मी काकाच म्हणायचो) स्वतः कॉफी ओतली. खजूर आले, दुसऱ्या जातीचे खजूर आले, पाण्याचे पाट दाखवून झाले. पाऊण तास कधीच उलटला आणि काका तर आत्ता कुठे रंगात आले होते.

मी मुलीला बाजूला घेतलं. "बस निघायला हवी."

"बाबांनी धूप आणला का?" तिने विचारलं. चेहरा उतरला होता. "आमच्याकडे पाहुण्यांपुढे धूप फिरवला की निघायची वेळ झाली असं समजतात. जेवल्याशिवाय बाबा तो आणणार नाहीत. मघाशीच भात चढवायला सांगितलाय त्यांनी."

मला हसू आलं आणि घामही फुटला. आमच्या घरीही आलेल्या माणसाला आई 'दोन घास खाऊन जा' म्हणते आणि तो उठायला लागला की त्याच्या चपला लपवते. एवढं माहीत असून पाऊण तास लिहिणारा मीच!

तेवढ्यात मॅनेजरचा फोन. "अहो, कुठे आहात? माझा स्टाफ हात बांधून उभा आहे."

"सर, काका सोडत नाहीयेत."

"सोडत नाहीत म्हणजे? कोंडून ठेवलंय का?"

"हो. खजूर देऊन."

"चेष्टा करू नका. वेळ पाळता येत नाही, तर ती बाग यादीतून काढा. मी बैठकीतच म्हणालो होतो."

मुलगी समोरच उभी होती. मराठी कळत नसलं तरी आवाज कळत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, तुम्हीच इकडे या ना. जेवण घेऊन."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"इथे सावली आहे, वारा आहे आणि पाहुणेही इथेच आहेत. तिकडे नुसतं जेवण आहे."

त्याने तिकडे कुणाला तरी भांडी झाकायला सांगितलं. मग म्हणाला, "गाडी पाठवा."

आता काकांना सांगायचं होतं. ते उखडलेच. "माझ्या बागेत दुसऱ्याचं जेवण? लोक काय म्हणतील?"

मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, हॉटेलवालेही आज पाहुणेच. पाहुण्याने काही आणलं तर तुम्ही दारातून परत पाठवणार?"

काकांनी हातातली कॉफीची किटली खाली ठेवली. मग मोठ्याने हसले आणि आणखी एक सतरंजी टाकायला सांगितली.

मग काय विचारता! काकांच्या घरचा लाल भात आणि मटण, शेजारी हॉटेलची भांडी. मॅनेजर टाय खिशात कोंबून मांडी घालून बसला. काका हाडावरचं मऊ मटण तोडून त्याच्याच पुढ्यात सारत होते. रियाधची पाहुणी बाई मला म्हणाली, "कार्यक्रम बदला. सगळी दुपार इथेच ठेवा." मी मॅनेजरकडे पाहिलं. त्याचा घास तोंडात होता. त्याने हातानेच 'ठेवा, ठेवा' केलं. संध्याकाळचा चहा आणि मुक्काम हॉटेलात, हे तिथेच सतरंजीवर ठरलं. इतक्या बैठका घेतल्या होत्या, पण असं झटपट काही ठरलं नव्हतं.

सगळ्यांपुढे धूप फिरला, बस निघाली. काकांच्या मनात काय आहे ते मात्र कळलं नव्हतं. फाटकाशी त्यांनी माझा दंड धरला.

"मुहंदिस," म्हणजे इंजिनिअर; इथे प्रत्येक शिकलेला भारतीय इंजिनिअरच असतो, "तुझ्या त्या हॉटेलवाल्या मित्राला सांग, पुढच्या वेळी तो पांढरा चिकट पास्ता आणू नकोस म्हणावं. बकरीनेसुद्धा तोंड लावलं नाही."

मागे उभ्या मुलीने माझी बाही ओढली. तिचे डोळे चमकत होते. "पुढच्या वेळी म्हणाले," ती कुजबुजली. "तुम्ही ऐकलंत ना? पुढच्या वेळी म्हणाले!"