मेरिटवर मिळालेला लुपस

मला लुपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार, निघाल्यावर अमेरिकेतल्या कॅरी गावच्या क्लिनिकमध्ये पहिल्यांदा गेले, तेव्हा मी पार घाबरलेले होते. समोर एक मराठी काका-काकू बसले होते. नर्सने पेशंटचा फॉर्म सरळ काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो सवयीने काकांकडे सरकवला आणि म्हणाल्या, "आय ॲम ओन्ली द ड्रायव्हर."

मी आईशी फोनवर बोलले ते काकांनी ऐकलं असावं. उन्हाची रुंद टोपी मांडीवर ठेवत ते म्हणाले, "हा लुपस जास्त करून बायकांना होतो. डॉक्टर म्हणतात, पुरुषाला व्हायला जनुकांमध्ये बहुधा जास्त धोका साठलेला लागतो. म्हणजे तुम्हाला सहज ॲडमिशन, मी मात्र मेरिटवर!"

त्या आठवड्यात मी पहिल्यांदाच हसले.

नाव पुकारल्यावर शाळेतल्यासारखा हात वर करून, "हजर!" म्हणत ते आत गेले.

मग माझं नाव आलं. माझाही हात आपोआप वर गेला.