सव्वाअडतीस

"आहे तेवढं देईन, नाही ते कुठून आणू?"

गणिताच्या मास्तरांच्या तोंडी हे वाक्य इतकं बसलं होतं, की मधल्या सुट्टीत कुणी डब्यातला घास मागितला तर पोरंसुद्धा तेच ऐकवायची. गुण वाढवून मागणाऱ्या मुलांना मास्तर ते सांगत, पालकांना सांगत, आणि भाजी अळणी झाली म्हणून त्यांनी मीठ मागितलं तर बायकोच त्यांच्यावर ते उलटवत असे.

पोरांनी त्यांना नाव ठेवलं होतं पावकी मास्तर. दुसरे शिक्षक अर्ध्या गुणाखाली उतरत नसत, हे पाव गुणापर्यंत जात. कुणाला सव्वासत्तावन्न, कुणाला पावणेपंच्याहत्तर. निकालपत्रकात असले आकडे चढवताना कारकून मनातल्या मनात त्यांचा उद्धार करी. मास्तरांना मात्र त्या पावाचा अभिमान होता. सोनाराच्या काट्यात गुंज धरतात, मग मुलाच्या मेहनतीत पाव का सोडायचा, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची तपासण्याची एक रीत होती आणि सत्तावीस वर्षांत ती त्यांनी एकदाही मोडली नव्हती. गठ्ठा घरी आला की आधी प्रत्येक पेपराचा नावाचा कोपरा आत दुमडून टाचणी मारायची. नाव दिसलं की हात ढळतो, हे त्यांचं मत. मग सगळ्या पेपरांतला पहिला प्रश्न तपासायचा, फक्त पहिला. तो झाला की पत्ते पिसावेत तसा गठ्ठा पिसायचा आणि दुसरा प्रश्न घ्यायचा. मागचं उत्तर कुणाचं होतं, पुढचं कुणाचं आहे, काही कळता कामा नये. अक्षर ओळखीचं वाटलं तर मास्तर डोळे बारीक करून नुसते आकडे बघत. जेवणाच्या टेबलावर हा कारभार चार-चार दिवस चाले.

"पोरांचे पेपर तपासताय की चोर पकडताय?" बायको विचारी.

"न्याय करतोय," मास्तर म्हणत.

"न्याय उचला आता. ताटं मांडायचीत."

शाळेत मात्र हवा बदलत चालली होती. खालच्या वर्गांत आता कुणाला ऐंशीच्या खाली गुण पडत नसत. वहीवर चांदण्या चिकटत, हसरे चेहरे उमटत, प्रगतिपुस्तकात 'उत्कृष्ट'शिवाय शब्द नसे. हेडसर म्हणत, पलीकडच्या शाळेत सगळी पोरं नव्वदची आहेत, आपण मागं राहिलो तर इथं कोण येईल? खालच्या वर्गांच्या बाईही वाईट नव्हत्या. एकेका वर्गात चाळीस-पंचेचाळीस डोकी, वर हेडसरांचा आग्रह, आणि मुलांचे चेहरे फुललेले बघायला कुणाला आवडत नाही? असं नव्वद-नव्वद करत मुलं नववीत येत आणि नववीत गणिताला मास्तर भेटत. पहिल्या परीक्षेनंतर दरवर्षी वर्गात सुतकी शांतता पसरे. मास्तरांना तिची सवय झाली होती.

त्या वर्षी ती शांतता एका मुलीला जरा जास्तच लागली. ही बाजाराच्या गल्लीतल्या शिवणवाल्या बाईंची लेक. आठवीपर्यंत तिची नव्वदी कधी चुकली नव्हती. आईनं सगळी प्रगतिपुस्तकं दुकानात मशीनच्या वरच्या भिंतीला टाचून ठेवली होती. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की त्याला ती वाचावीच लागत. या लेकीला जमिनीची मोजणी करणारी व्हायचं होतं. एकदा गल्लीचा रस्ता रुंद करायला मोजणीची माणसं आली होती, त्यांच्यात तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघणारी एक तरुण बाई होती. तेव्हापासून हेच वेड.

मास्तरांनी तिला दिले सव्वाअडतीस. शंभरातले.

ती रडली नाही. बाकीच्यांनी बघून झाल्यावर पेपर मास्तरांना परत दिले, तिनं मात्र आपला घडी करून दप्तरात ठेवला, घरी गेली आणि भिंतीवरची प्रगतिपुस्तकं एकेक करून काढून टाकली. त्याच आठवड्यात पुढच्या वर्षाचे विषय निवडायचा फॉर्म आला होता. तिनं त्यावर गणिताच्या रकान्यात फुली मारली. फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस शनिवार. गणित एकदा सुटलं की मोजणीचं शिक्षण कायमचं बंद.

गुरुवारी आई लेकीचं मनगट धरून हेडसरांच्या खोलीत आली. गळ्यात मापाची फीत तशीच. हेडसरांनी मास्तरांना बोलावून घेतलं.

"मास्तर, हे काय? नव्वदची मुलगी अडतीसवर?"

"सव्वाअडतीस," मास्तर म्हणाले.

"पाव राहू द्या हो! पेपर पुन्हा बघा. पंधरा-वीस इकडंतिकडं सापडतील. आई समाधानी, मुलगी समाधानी, विषय मिटला."

"हेडसर, आहे तेवढं दिलंय. नाही ते कुठून आणू?"

 आई पुढं झाली. "सर, मी गुण मागायला आलेले नाही. माझ्याकडं शिवण शिकायला मुली येतात. एखादीची बाही उलटी बसली तर मीही उसवायला लावते. लाड नाही करत. पण कुठनं उसवायचं ते बोट ठेवून दाखवते. तुम्ही नुसतं 'वाईट आहे' म्हणून कापड अंगावर फेकलंत."

मास्तरांना हे लागलं. त्यांनी मुलीकडं पाहिलं. "तुला काय वाटतं? वाढवून हवेत?"

"नको," मुलगी जमिनीकडं बघत म्हणाली. "वाढवलेलेच असतील तर आधीचे नव्वदही तसलेच. मला काही येतं की नाही तेच मला कळेनासं झालंय. म्हणून फुली मारली. फुलीत तरी खोटं नाही."

हेडसर खाकरले. मास्तरांनी हात पुढं केला. "पेपर दे," ते एवढंच म्हणाले.

घरी त्यांनी पेपर टेबलावर ठेवला आणि नुसतं बघत राहिले. बायको कांदा चिरत होती.

"कुणाचा हा?"

"शिवणवालीच्या मुलीचा."

"कशी आहे मुलगी?"

"काय माहीत? मी प्रश्न तपासतो."

बायकोची सुरी थांबली. "सगळा जन्म प्रश्नच तपासलेत तुम्ही. आख्खा पेपर कधी वाचलाय?"

मास्तर चिडले, उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की बायको खरं बोलतेय. त्यांनी हजारो पेपर तपासले होते, पण एका मुलाचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात कधीच वाचला नव्हता. ती रीतच नव्हती. पण एकट्यानं वाचून भागणार नव्हतं. जिचा पेपर, ती समोर हवी.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ते शिवणाच्या दुकानात गेले. दुकान कसलं, रस्त्याकडची एक खोली. दोन मशीनं, कापायचं लांब टेबल, खुंट्यांना अर्धवट शिवलेले कपडे, भिंतीवर प्रगतिपुस्तकांच्या जागी उरलेले फिकट चौकोन. मुलगी टेबलाशी बसून बटणं निवडत होती. मास्तरांना बघून तिच्या हातची दोन-चार घरंगळली.

"ताई, टेबलाचा कोपरा द्याल का घटकाभर?"

आईनं कापड बाजूला सारलं. स्टूल पुढं केलं, पण स्वतः बसली नाही.

मास्तरांनी पेपर उघडला आणि पहिल्यापासून वाचू लागले. मुलगी तोंड पाडून शेजारी. पहिला प्रश्न बरोबर. दुसऱ्यात चूक. मास्तरांचं बोट तिथं थांबलं, पुढं गेलं. चौथ्यात चूक. बोट पुन्हा थांबलं, मागं दुसऱ्यावर आलं, परत चौथ्यावर गेलं. पाचवा, सातवा, आठवा. मास्तर पानं उलटू लागले, पुढं, मागं, पुन्हा पुढं. 

"काय झालं, सर?" आईनं घाबरून विचारलं.

"पोरी," मास्तर म्हणाले, "बारा वजा, कंसात पाच अधिक तीन. किती?"

टेबलावर कपड्याचा खाका आखायचा तपकिरी कागद पडला होता. मुलीनं कापडावर आखायचा खडू उचलला आणि त्या कागदावर लिहिलं. बारा वजा पाच अधिक तीन. उत्तर, दहा.

"कंस आधी सोडव. पाच आणि तीन?"

"आठ."

"बारातनं आठ गेले?"

"चार." ती थबकली. खाली दहा, तोंडात चार. "असं कसं?"

"कंसाबाहेर वजा असला की तो आतल्या सगळ्यांना लागतो. तू फक्त पहिल्याला लावतेस आणि दुसऱ्याला तसाच सोडून देतेस. हे तुला कुणी शिकवलं?"

मुलगी आठवू लागली. "कुणी नाही. सहावीत मी एकदा असं लिहिलं होतं. बाईंनी चांदणी दिली. मग मला वाटलं, बरोबर असेल."

 बाहेरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"शेवटचे कोरे सोडलेले प्रश्न वगळता इथं अकरा ठिकाणी गुण कापलेत मी," मास्तर म्हणाले. "त्यातल्या दोन चुका घाईच्या. उरलेल्या नऊ ही एकच चूक आहे. तुझ्या नऊ चुका नाहीत, पोरी. एक आहे."

"एक?"

"एक. आणि मी ती नऊ वेळा पाहिली. तेच बोट, तोच लाल पेन. पण मी नावं दुमडतो, गठ्ठा पिसतो, त्यामुळं मला वाटत राहिलं की नऊ वेगवेगळी मुलं चुकताहेत. न्याय करता करता मूलच नजरेआड केलं मी."

 सत्तावीस वर्षांत त्यांनी वर्गात कधी 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं. आता एका शिवणाच्या दुकानात, बटणांच्या डब्याशेजारी बसून ते म्हणाले आणि त्यांना हलकं वाटलं. इतकं हलकं, की स्वतःचंच नवल वाटलं.

मुलगी मात्र ऐकत नव्हती. तिनं खाक्याचा कागद ओढून घेतला होता आणि दुसरा प्रश्न नव्यानं सोडवत होती. मग चौथा. मग पाचवा. खडू करकरत होता. आईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आठवडाभर कानाला चिकटलेले लेकीचे खांदे हळूहळू खाली येताना तिला दिसत होते. माप घेणाऱ्या बाईला खांदे कळतात.

"आलं!" मुलगी म्हणाली. "सर, आलं! हेही आलं!" आणि तोंडातल्या तोंडात बेरीज करून, "म्हणजे कंसापायी माझे पावणेएकतीस गेले. ते नसते गेले तर एकोणसत्तर!"

"बरोबर. एकोणसत्तर."

"मग आता मला किती?"

"सव्वाअडतीस," मास्तर म्हणाले.

आई फस्सकन हसली. तोंडावर हात दाबून हसली, मग हात काढून मोकळी हसली. "अहो सर, तुमची तर कमाल आहे!"

"ताई, परीक्षेच्या दिवशी तिला जेवढं येत होतं तेवढे ते आहेत. आज येतंय ते पुढच्या परीक्षेत."

मुलगीही हसत होती. "राहू दे आई. सव्वाअडतीस तर सव्वाअडतीस. खरे आहेत ना! आता कुठं काय आहे ते तरी कळलं." आणि दप्तरातून फॉर्म काढून गणिताच्या फुलीवर खोडरबर घासू लागली. फुली पेनाची होती. कागद झिजत चालला.

"फाडशील ना भवाने!" आई ओरडली. "वर आडवी रेघ मार, शेजारी बरोबरची खूण कर, खाली सही कर. मीही करते. हेडसर काय फाशी देणार आहेत?"

"त्यांचा राग माझ्यावर निघणार आहे," मास्तर उठत म्हणाले. "सोमवारी निकालपत्रक द्यायचंय, ते मिळायचं नाही."

"का हो?"

"अजून बेचाळीस आहेत. सगळ्यांची नावं बघायचीत आणि एकेक पहिल्यापासून वाचायचाय. कुणाची कुठं एकच चूक दडून बसली असेल, काय सांगावं?"

"चहा तरी घेऊन जा."

"नको. उजेड आहे तोवर दहा तरी होतील."

चपलेत पाय सरकवून ते निघालेसुद्धा. एरवी रस्त्याच्या कडेनं सावकाश चालणारा हा माणूस आज मधूनच चालला होता, आणि समोरून येणारे बाजूला होत होते. मुलीनं काही पाहिलं नाही. ती सहीपाशी अडकली होती. आई मात्र उंबऱ्यात उभी राहून बघत होती. मास्तरांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. गठ्ठ्याची पिशवी वाहून वाहून झाला असेल. शर्ट शिवायचा झाला तर हे ध्यानात ठेवायला हवं, असं तिच्या मनात आलं. गल्लीच्या टोकाला ते वळले, तरी ती फीत हातात धरून तशीच उभी होती.