दाजींचा पंप आणि अक्काचं विरजण

कृष्णेच्या दोन्ही काठांवर आमच्या दाजींइतका धुणारा माणूस झाला नाही. धोबी धुतात ते पोटासाठी, दाजी धुतात ते जिवाच्या ओढीने. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवली, पेन्शनीवर सांगलीला आले, कुपवाडला छोटं वर्कशॉप टाकलं आणि घरच्या घरी आलं-गुळाची बीअर करायला लागले. नाव बीअर, पण प्यायल्यावर एखाद्या ढेकरेपलीकडे काही होत नसे. आलं आमच्या साताऱ्याकडचं, गूळ सांगलीच्या पेठेतला, कृती फौजेतल्या कुठल्याशा आचाऱ्याची. माझं स्पष्ट मत असं, की बीअर हे निमित्त होतं. ती केली की पिंप, नळ्या, बरण्या, बाटल्या खराब होतात आणि मग त्या धुता येतात, एवढ्यासाठीच ते ती करत.

ब्रशाने बरणीच्या गळ्याखालचा चिकटा निघत नाही, या दुःखातून त्यांचा पहिला पंप जन्मला. जुन्या कूलरचा पंप बादलीत सोडला, त्याला भोकं पाडलेली उभी नळी जोडली आणि नळीवर बरणी पालथी घातली. बटण दाबलं की बरणीच्या आत कारंजं उडायचं आणि पाणी पुन्हा बादलीत पडायचं. झकास! पण कूलरच्या पंपात दम नाही म्हणून दाजींनी वर्कशॉपमधून दांडगी मोटार आणली. पहिल्याच चाचणीत बरणी लांब उडाली आणि सोड्याच्या गरम पाण्याची धार अंगणात वाळत घातलेल्या अक्काच्या सांडग्यांवर गेली. "जोर आला का न्हाई?" दाजींनी हरखून विचारलं. ओले सांडगे गोळा करता करता अक्काने जे उत्तर दिलं ते छापण्याजोगं नाही.

पुढे पंपाला गाळणी आली, टायमर आला, एकदम अर्धा डझन बाटल्या धुणारा फाटा आला. दाजींच्या घरी हातातली वस्तू खाली ठेवायची सोय उरली नाही. एकदा त्यांचे व्याही थर्मास टेबलावर ठेवून हात धुवायला गेले. परत येऊन बघतात तर थर्मास पंपावर चकाकतोय.

"आवं पावणं, त्यात चहा हुता!"

"हुता की," दाजी शांतपणे म्हणाले. "त्याचा डाग लय चिवट."

पंपाची सत्ता चालत नसे अशी घरात एकच जागा होती, ती म्हणजे स्वयंपाकघराच्या कट्ट्यावरची अक्काची चिनी मातीची बरणी. बीअर आंबवायचं विरजण तिच्यात असे. रोज किसलेलं आलं आणि चमचाभर गूळ घालून अक्का ते जागं ठेवायची, शेजारणींना वाटीवाटीने द्यायची. "ह्या बरणीला पंप लावलासा तर गाठ माझ्याशी हाय," असा तिचा दम होता. विरजण काढलेली वाटी ती घोटभर पाण्याने विसळायची आणि ते विसळण परत बरणीत ओतायची. दाजींचा जीव कासावीस व्हायचा. "अगं, इसळणं म्हंजी धुणं न्हवं!" ते कळवळून सांगत. "मला कुठं धुयाचंय?" अक्का म्हणायची.

मागल्या वर्षी अक्का गेली. दाजींना रडणं काही जमलं नाही, ते धुवायला लागले. पंप दिवसभर चालू असे. स्वच्छ बाटल्या पुन्हा स्वच्छ होत. एका दुपारी मला साताऱ्याला त्यांचा फोन आला.

"बरणी धुतली, गड्या."

"कुठली?"

"तिची."

ओळीने भांडी उचलता उचलता तीही हातात आली होती. आतलं मोरीत ओतून, बरणी पालथी घालून बटण दाबलं, तेव्हा ध्यानात आलं. शेजारणींकडे विचारलं, तर कुणीच ते जागं ठेवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "दाजी, नवं विरजण लावा की."

"लावलं, दुसऱ्या बरणीत. झ्याक झालंय. पर ते माझं हाय रं, तिचं न्हाई."

फोन ठेवून बायकोला सांगितलं, तर तिने फळीवरची लोणच्याची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. अक्काकडून कधीतरी गौरीच्या सणाला वाटीभर आणलेलं विरजण ती आजवर पोसत आली होती. मी त्याचं सरबत उन्हाळाभर प्यायलो होतो, पण त्या बाटलीत अक्का आहे हे मला सुचलंच नव्हतं.

सकाळी बाटली मांडीवर घेऊन मी सांगलीची एसटी धरली. कराडच्या पुढे झाकण फुसफुसायला लागलं. शेजारचे आजोबा जरा सरकले.

"काय हाय त्यात?"

"बहिणीचं विरजण."

ते आणखी सरकले.

दाजींनी बाटली हुंगली, बोट बुडवून चाखलं आणि पाठ फिरवून बराच वेळ स्वच्छ कट्टाच पुसत राहिले. मग विरजण अक्काच्या बरणीत ओतलं. रिकामी बाटली मी त्या घरच्या शिस्तीने पंपाकडे न्यायला लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिथं नगं."

बाटलीत त्यांनी घोटभर पाणी घातलं. हलवलं, उजेडात धरून बघितलं. आल्याचा एक तंतू काचेला चिकटून होता, तो सुटेपर्यंत हलवत राहिले. मग ते विसळण थेंबही न सांडता बरणीत ओतलं आणि वर झाकण ठेवलं.