वीरभद्रप्पाचं बिनखळीचं विमान

हातात घेतलेलं काम अर्धवट टाकण्यात वीरभद्रप्पाचा हात धरणारा अख्ख्या सोलापुरात कुणी नव्हता. त्याच्या घरात एका पायाने लंगडं स्टूल होतं, तार न लावलेली एकतारी होती आणि भिंतीवर नुसता तासकाटा असलेलं घड्याळ होतं. "अंदाजानं कळतंय की," असं वर मलाच ऐकवायचा. मी त्याचा शेजारी, शाळेत चित्रकला शिकवणारा. अर्धवट कामाची मला मनस्वी चीड. तरीही हा माणूस मला आवडायचा, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

पोटापाण्याला तो एका हातमाग कारखान्यात सुताला खळ पाजायचा. पिठाची पातळ पेज शिजवून ती सुतावर चढवायची, म्हणजे मागावर सूत तुटत नाही. हे काम मात्र त्याने कधी अर्धवट केलं नाही. त्या दमट वाफेत उभं राहून त्याला खोकला जडला होता, म्हणून मंद्रूपचा मेहुणा चनबसप्पा सारखा मागे लागायचा. "दाजी, सोडा ते खळीचं पातेलं. आमच्या दुकानात बसा, मागची खोली तुमचीच." चनबसप्पा मनाने चांगला, म्हणून तर पंचाईत. वाईट माणसाला नाही म्हणता येतं. मेहुण्याच्या दुकानात बसायचं या कल्पनेनेच वीरभद्रप्पाला जेवण जाईना.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी होटगी रस्त्याच्या धावपट्टीवर दुमजली पंखांचं एक छोटं विमान उतरलं. सगळं गाव बघून आलं आणि विसरलं. हा विसरला नाही. माझ्याकडून नकाशा काढून घेतला, खऱ्या विमानाच्या एका फुटाला अर्धा इंच. बाशिंगं करणाऱ्याकडून भेंड आणलं, हातात घेतलं तरी वजन कळू नये इतकं हलकं, आणि त्यातून पंखांसाठी फासळ्या कापल्या. बांबूच्या काड्या तासून तासून सुईएवढ्या केल्या. पोटात गलोलीचं रबर ओवलं, त्याला एरंडेल चोळलं. रबराला पीळ द्यायचा, तो उलगडला की नाकावरचा पंखा गरगरणार. सांगाडा एवढा नाजूक झाला, की अंगणातल्या वाऱ्यावर तो टिकला नसता. बंद जागेतच उडवायचं ठरलं.

नेमका तेव्हाच चनबसप्पा पुन्हा आला. या खेपेला दानम्मावहिनी, म्हणजे वीरभद्रप्पाची बायको, भावासमोरच नवऱ्याला म्हणाली, "हे विमान पुरं करून उडवलंत, तर आपण हितंच राहू. न्हाय उडलं, तर मुकाट मंद्रूपला चला."

चनबसप्पा मांडीवर थाप मारून हसला. "ठरलं! पुढल्या रविवारी सामान न्यायला टेम्पोच आणतो."

बाई माहेराला भुलली, असं मी मनात म्हटलं आणि दिवसभर तिच्याशी नीट बोललो नाही.

मे महिना, शाळेला सुट्टी. हेडमास्तरांकडून मी हॉलची किल्ली मिळवली. झुळूक लागू नये म्हणून खिडक्या बंद, पंखे बंद. सोलापूरचं ऊन वर पत्र्यावर. तो, वहिनी आणि मी, तिघंही घामाने निथळत होतो. वीरभद्रप्पाने पीळ दिला, विमान सोडलं आणि ते भाकरी पडावी तसं थापकन फरशीवर पडलं. दुसऱ्यांदाही तेच झालं.

मी ते उचललं. पंख वाकडे झाले होते आणि त्यांवर मढवलेला कागद कडक लागत होता. "अरे, कागदाला काय लावलंस?"

"खळ," तो म्हणाला, जणू मीच खुळा. "चांगली दोन हात पाजलीया. खळीबिगर टिकतंय व्हय काय?"

मी कपाळावर हात मारला. जन्मभर ज्या हाताने सूत ताठ केलं, त्याच हाताने त्याने विमान जड करून ठेवलं होतं. घरी येऊन त्याने ते फळीवर ठेवलं, एकतारीशेजारी. ती फळी मला ठाऊक होती. गेले हे दोघं मंद्रूपला, असं वाटून मला खरंच रडू यायला लागलं.

दानम्मावहिनी धुणं वाळत घालत होती. ती पाठमोरीच बोलली. "नवं लुगडं कसं असतंय? पाटावानी ताठ अन् जड. दोन पाण्यातनं काढलं की अंगाला बसतंय. खळ काढा की त्याची."

"कागद ढिला पडंल त्यानं."

"तुमी नवा लावा. ताणायचं मी बघते."

त्याने कडक झालेला कागद ओला करून सोडवला, सांगाडा सावलीत वाळू दिला आणि पतंगाचा पातळ कागद नुसता कडेला चिकटवला. मग वहिनीने तोंडात पाणी घेतलं आणि इस्त्रीआधी कपड्यावर मारतात तसा पंखांवर बारीक फवारा मारला. कागद लोंबायला लागला. मी म्हटलं, संपलं. ती म्हणाली, "मास्तर, वाळू द्या की जरा." वाळता वाळता कागद आक्रसला आणि हलगीसारखा ताणून बसला.

रविवारी चनबसप्पा टेम्पो शाळेच्या दारात उभा करून हॉलमध्ये आला. वीरभद्रप्पाने पीळ दिला. त्याचा खोकला दाटून आला होता, तो त्याने दाबून धरला. विमान सोडलं, ते थोडं खाली गेलं, आणि मग चढलं. घाई नाही, आवाज नाही. भिंतीशी वळून त्याने आमच्या डोक्यांवरून एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि पीळ संपल्यावर अलगद फरशीवर येऊन टेकलं. चनबसप्पा तोंड उघडं टाकून बघत होता. मग त्यानेच आधी टाळी वाजवली आणि हसत हसत रिकामा टेम्पो घेऊन निघाला.

मी सगळ्या खिडक्या उघडल्या. वीरभद्रप्पा फरशीवरच बसला आणि पोटभर खोकला. "सुटलो बाबा," तो म्हणाला. "एकडाव सुटलो."

दानम्मावहिनी भावाच्या टेम्पोकडे बघत खिडकीत उभी होती. तिने पदराने डोळे पुसले.

"तुमी एकटंच सुटला व्हय?" ती म्हणाली. "भावजयीच्या चुलीम्होरं जन्म काढायचा कुणाला हुता?"